कोलंबोमधला खोटा अतींद्रियवाला: एलियट ब्लेक न बघता 'बघायचा' कसं

कोलंबो ही जुनी अमेरिकन डिटेक्टिव्ह मालिका ज्यांनी बघितलीय त्यांना माहितीये की तिथे खुनी कोण हे शोधायचं नसतंच, खुनी सुरुवातीलाच दाखवून टाकतात, खून कसा केला ते पण दाखवतात, आणि मग तो चुरगळलेला रेनकोट घातलेला, कायम काहीतरी विसरल्यासारखा चेहरा असलेला लेफ्टनंट कोलंबो त्या माणसापर्यंत कसा पोचतो ते बघत बसायचं. पीटर फॉकने हे काम १९७१ पासून १९७८ पर्यंत एनबीसीवर केलं, मग मोठी गॅप पडली, आणि ६ फेब्रुवारी १९८९ ला मालिका एबीसीवर परत सुरू झाली. परत येतानाचा पहिलाच एपिसोड होता 'कोलंबो गोज टू द गिलोटिन', आणि त्यातला व्हिलन म्हणजे एलियट ब्लेक, अँथनी अँड्र्यूजने केलेला, सुटाबुटातला, हळू आवाजात बोलणारा, मनाच्या शक्तीने लांबचं दिसतं असं सांगणारा माणूस.

आता हा लेख मालिकेचं परीक्षण नाहीये. मला सांगायचंय ते हे की ब्लेकसारखा माणूस नेमकं करतो काय, कारण आपल्याकडे यावर बोलणं झालं की एकतर 'सगळं थोतांड आहे' म्हणून विषय संपतो नाहीतर 'काहीतरी असणारच हो, उगाच का एवढे लोक जातात' म्हणून संपतो, आणि मधलं जे खरं समजून घ्यायचंय ते राहूनच जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की असा माणूस समोर आला की त्याच्या डोक्यात काय चाललंय हे शोधत बसू नका, त्याच्या आजूबाजूची व्यवस्था बघा. कागद कुणी दिला, पाकीट कुणाच्या हातात होतं, आधी कोण कुणाशी बोललं, आणि ते उघडलं नक्की कधी. शक्ती असली नसली तरी हे चार प्रश्न विचारता येतातच.

आधी गोष्ट थोडक्यात. ब्लेकला सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनात शिरायचंय, म्हणजे एका ठिकाणी बसून लांबच्या जागेचं चित्र काढायचं, त्याला ते लोक रिमोट व्ह्यूइंग म्हणतात, आणि गुप्तहेर खात्याला यात रस असणार हे उघडच आहे. पण त्याआधी त्याला एका चाचणीत पास व्हायचंय आणि ती चाचणी घेणार मॅक्स डायसन, जो स्वतः जादूगार आहे आणि भोंदूंचा बुरखा फाडण्यासाठीच प्रसिद्ध आहे. डायसन पास म्हणाला म्हणजे खरंच असणार, असं सगळे धरून चालतात. आणि ब्लेक पास होतो, कारण दोघांचं आतून जमलेलं असतं. इदी अमीन या हुकूमशहाच्या काळात दोघं युगांडाच्या तुरुंगात एकत्र होते, तिथे डायसनने आपल्याला दगा दिला हा राग ब्लेकने वर्षानुवर्षं जपून ठेवलेला असतो, आणि काम झाल्यावर तो डायसनला त्याच्याच जादूच्या गिलोटिनमध्ये, म्हणजे वरून पातं पडून मान उडवणाऱ्या यंत्रात, संपवतो. म्हणजे पेपर काढणाराच विद्यार्थ्याचा साथीदार निघाला तर परीक्षेला जो अर्थ उरतो तेवढाच अर्थ त्या चाचणीला होता. हे बाहेरून कुणालाच दिसत नाही, कारण बघणारे सगळे ब्लेककडे बघत असतात आणि परीक्षकाकडे कुणीच बघत नाही.

हे नुसतं लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही बरं का. १९७२ पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॅरल्ड पुथॉफ आणि रसेल टार्ग हे दोन भौतिकशास्त्रज्ञ खरोखर हेच प्रयोग करत होते, सीआयए या अमेरिकन गुप्तहेर खात्याचा पैसा होता, मनाच्या शक्तीने चमचे वाकवतो म्हणणारा उरी गेलर तिथे येऊन गेला, आणि १९७४ मध्ये त्यांचा पेपर 'नेचर' या विज्ञानाच्या नामांकित नियतकालिकात छापून पण आला. हे काम पुढे वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या खात्यांकडे फिरत राहिलं, शेवटी त्याला स्टार गेट म्हणायला लागले, साधारण २ कोटी डॉलर गेले, आणि १९९५ मध्ये बाहेरच्या लोकांकडून तपासणी करून घेऊन ते बंद केलं. तपासणाऱ्यांमध्ये संख्याशास्त्रज्ञ जेसिका उट्स यांना आकड्यांमध्ये काहीतरी आहे असं वाटलं, मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांना ते अजिबात पटलं नाही, पण हेरगिरीच्या कामात याचा कधीच उपयोग झाला नाही हा निष्कर्ष अहवालात स्पष्ट होता. एपिसोड आला तेव्हा हे सगळं चालूच होतं. आणि डायसनचं पात्र बघताना जेम्स रँडी आठवतोच आठवतो, तो पण जादूगार, तो पण असल्या लोकांच्या मागे लागलेला, फक्त रँडीने कुणाला आतून पास केलं नाही, शक्ती सिद्ध करून दाखवणाऱ्याला त्याने ठेवलेलं बक्षीस १९६४ मध्ये १,००० डॉलरपासून सुरू होऊन पुढे १० लाख डॉलरपर्यंत गेलं आणि ते कुणालाच मिळालं नाही.

आता हे लांबचं दिसणं कसं 'जमतं' ते बघू, आणि त्यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही, ठाण्यातच करून बघता येईल. समजा तुमची मैत्रीण घरात डोळे मिटून बसलीय आणि तुम्ही रिक्षा करून कुठेतरी गेलाय. ती म्हणते, पाणी दिसतंय, किंवा पाण्यासारखं चमकणारं, त्याच्या कडेने वळणारा रस्ता, काहीतरी उंच उभं आहे, माणसांची ये-जा आहे, एक गोल आकार सारखा येतोय. तुम्ही तलावपाळीला असाल तर अंगावर काटाच येईल, पाणी आहे, कडेने रस्ता आहे, कोपिनेश्वराचा कळस आहे, गडकरी रंगायतन आहे. पण उपवनला असतात तर? पाणी, रस्ता, मागे येऊरचे डोंगर. गायमुखला असतात तर खाडी. वाशीच्या खाडीपुलावर असतात तर पाणी पण, उंच पण, ये-जा पण. आणि अगदी ठाणे स्टेशनच्या बाहेर असतात तरी गोल म्हणजे घड्याळ, उंच म्हणजे पादचारी पूल, पाणी म्हणजे... पाऊस पडून गेला असेल तर डबकं. मन हे जुळवण्याचं काम आपोआप करतं, तुम्हाला कष्टच पडत नाहीत, आणि जे जुळलं नाही ते दोन मिनिटांत विसरून जाता. मैत्रिणीने काही फसवलं असं नाही, तिला स्वतःला पण खरंच वाटू शकतं की दिसलं.

यावर पुथॉफ आणि टार्ग यांनी उपाय काढला होता, तो ऐकायला चांगला आहे. तिऱ्हाईत माणसाला नऊ ठिकाणांची यादी द्यायची आणि नऊ वर्णनं द्यायची, आणि कुठलं वर्णन कुठल्या जागेचं हे त्याने जुळवायचं. नुसत्या अंदाजाने नऊपैकी एखादंच जुळेल, त्यामुळे बरीच जुळली तर काहीतरी आहे असं मानायचं. आणि बरीच जुळली! इथे न्यूझीलंडचे दोन मानसशास्त्रज्ञ आले, डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन. त्यांनी वर्णनांचे मूळ कागद नीट वाचले, म्हणजे काय दिसलं तो भाग सोडून बाकीची बडबड. तर त्यात मधेच आदल्या दिवशीच्या दोन जागांचा उल्लेख, आधी झालेल्या एखाद्या जागेचा उल्लेख, अशा खुणा राहून गेल्या होत्या. आणि जुळवणाऱ्याला जागांची यादी मिळाली होती ती कुठल्या क्रमाने? ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने. मग काय, ज्या कागदावर कालच्या दोन जागांबद्दल लिहिलंय तो तिसरा किंवा त्याच्या पुढचा असणार हे कळायला अतींद्रिय शक्ती कशाला लागते. मार्क्स-कॅमननी या खुणा वापरून जागेवर न जाता जुळवून दाखवलं, आणि खुणा काढून टाकल्यावर जुळणं अंदाजाच्या पातळीवर आलं. हे १९७८ मध्ये 'नेचर'मध्येच आलं. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा सगळ्यात शिकवणारा भाग वाटतो, कारण इथे बदमाशी कुणीच केली नव्हती, फक्त कागद कुणाकडे कुठल्या क्रमाने गेला हे कुणी विचारलं नव्हतं.

ब्लेकसारखा माणूस मात्र नशिबावर सोडत नाही, तो मुद्दाम करतो. एपिसोडमधली नेमकी युक्ती मी सांगणार नाही, ज्यांनी बघितला नाही त्यांची मजा जाईल, पण जादूगारांची एक फार जुनी युक्ती सांगते जी कळली की अर्धे चमत्कार कळतात. हिला एक पाऊल पुढे राहणं म्हणतात. समजा गावदेवीच्या आसपासच्या एखाद्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, पाच जणांनी आपापला प्रश्न चिठ्ठीवर लिहून घडी घालून वाटीत टाकलाय. यातली एक बाई त्या माणसाची साथीदार आहे. तो एक चिठ्ठी उचलतो, न उघडता कपाळाला लावतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, कुणीतरी विचारतंय की सुनेला परत नोकरी लागेल का. साथीदार बाई लगेच उभी राहते, हो हो, माझाच प्रश्न. टाळ्या. मग तो चिठ्ठी उघडून बघतो, बरोबर, असं म्हणून मान हलवतो आणि बाजूला ठेवतो. पण त्याने जी उघडली ती त्या बाईची चिठ्ठी नव्हतीच! ती होती समोरच्या खुर्चीतल्या काकांची, आणि त्यावर लिहिलं होतं की गावच्या जमिनीची केस कधी सुटेल. आता तो दुसरी चिठ्ठी कपाळाला लावतो आणि जमिनीची केस सांगतो, काका हादरतात, तो 'खात्री करायला' ही चिठ्ठी उघडतो आणि तिसऱ्याचा प्रश्न वाचून घेतो. असं चालत राहतं आणि साथीदार बाईची चिठ्ठी, जिच्यावर कोपऱ्यात बारीक खूण केलेली असते, ती सगळ्यात शेवटी उचलली जाते म्हणजे हिशोब बरोबर जुळतो.

हे घरी चार जणांत करून बघा, पहिल्या खेपेला जवळजवळ कुणाला कळत नाही. आणि पकडायचं कसं, तर बघायचं काय ते सोपं आहे, तो उघडतो ते बोलल्यानंतर, आणि उघडलेली चिठ्ठी ज्याची आहे त्याच्या हातात लगेच देत नाही. 'काका, तुमची चिठ्ठी घ्या हो परत' एवढं म्हणायला लावलं की खेळ तिथेच थांबतो.

आता प्रश्न असा येतो की एवढे शिकलेले लोक फसतात कसे. तर याचं उत्तर असं की शास्त्रज्ञाला निसर्गाची सवय असते आणि निसर्ग मुद्दाम खोटं बोलत नाही. दगडाला वरून सोडलं तर तो तुमची नजर चुकवून खिशात जात नाही. जादूगाराचं पूर्ण आयुष्य मात्र याच अभ्यासात जातं की माणूस कधी कुठे बघत नाही. रँडीने हे दाखवायला १९७९ मध्ये एक उद्योग केला, त्याचं नाव प्रोजेक्ट अल्फा. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीला अतींद्रिय शक्तींच्या संशोधनासाठी ५ लाख डॉलर देणगी मिळाली होती, तर रँडीने स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स ही दोन कोवळ्या वयातली जादूगार पोरं तिथे शक्ती असलेली मुलं म्हणून जाऊ दिली. त्यांना सांगून ठेवलं होतं की तुम्ही चलाखी करताय का असं कुणी सरळ विचारलं तर खरं सांगून टाकायचं. आणि त्याने प्रयोगशाळेला पत्र लिहून काय काय काळजी घ्या हे पण कळवलं होतं.

त्यातला चमच्यांचा प्रयोग बघा. टेबलावर बरेच चमचे, प्रत्येकाला दोऱ्याने नंबराची चिठ्ठी बांधलेली, प्रत्येक चमच्याचा बाक आधी मोजून लिहून ठेवलेला. पोरगा चमचा हातात घेतो, वाकवायचा प्रयत्न करतो, खाली ठेवतो, परत मोजतात, आणि माप खरंच बदललेलं असतं. झालं होतं एवढंच की चिठ्ठ्या मधे मधे येतात म्हणून त्याने त्या काढल्या आणि परत लावताना दोन चमच्यांच्या अदलाबदल केल्या. दोन चमचे मुळात सारखे वाकलेले नव्हतेच, त्यामुळे दोघांचीही मापं 'बदलली'. चमच्याला काहीच झालं नाही, चिठ्ठी फिरली. हे प्रकरण बराच काळ चाललं आणि १९८३ मध्ये रँडीने जाहीर करून टाकलं. बरीच टीका झाली त्याच्यावर, की विश्वासाचा गैरफायदा घेतला म्हणून, आणि त्या टीकेत तथ्य आहे असं मला पण वाटतं, त्या शास्त्रज्ञांची नाचक्की झाली ती चांगली नव्हती. पण त्याआधी पत्र पाठवलं होतं हे पण विसरता येत नाही.

याच्या उलट उदाहरण १९७३ चं. उरी गेलर अमेरिकेतल्या जॉनी कार्सनच्या लोकप्रिय टीव्ही शोमध्ये आला. कार्सन तरुणपणी जादूगार होता, त्याने रँडीचा सल्ला घेतला, आणि रँडीने सांगितलं ते अगदी साधं होतं, सामान तुमचं ठेवा आणि गेलर किंवा त्याच्या माणसांना आधी हात लावू देऊ नका. बस. गेलर बराच वेळ बसला होता, चमचे समोर, डबे समोर, आणि काही झालं नाही, आज शक्ती जाणवत नाहीये असं म्हणाला. सामान कुणाचं एवढी एक गोष्ट बदलली होती.

आता आपल्याकडचं बोलू, कारण कोलंबोमधला ब्लेक सरकारला फसवतो पण आपल्याकडे फसतात ती आपली आई-मावशी-काकू. लोकलच्या डब्यात दाराच्या वर चिकटवलेले ते कागद सगळ्यांनी बघितलेत, गृहक्लेश, वशीकरण, नोकरीत अडचण, चोवीस तासांत काम. ते एक झालं. पण जास्त धोकादायक ते जे चिकटवत नाहीत, ज्यांचं नाव कानोकानी येतं.

आमच्या नात्यातल्या एक मावशी घोडबंदर रोडच्या बाजूला एका फ्लॅटवर जाऊन आल्या, तिथे एक गृहस्थ 'बघतात' म्हणून. परत आल्या त्या पार बदलूनच. म्हणाल्या, अगं मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सांगितलं की घरातला एक मुलगा पाण्यापलीकडे आहे आणि त्याचे कागद अडकलेत, आणि एका पुरुषाच्या छातीवर चीर दिसतेय. मुलाचा व्हिसा अडकला होता, काकांची बायपास झाली होती, दोन्ही खरं. मी विचारलं, मावशी, बाहेर थांबलात तेव्हा कुणाशी बोललात का. म्हणाल्या, छे गं, कुणाशीच नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, एक बिचारी बाई होती शेजारी, तिच्या नवऱ्याचं पण हार्टचं ऑपरेशन झालंय, ती आपली रडत होती म्हणून मी तिला धीर दिला. मग मी विचारलं, ती बाई तुमच्या आधी आत गेली का. मावशी आठवत बसल्या. ती 'बाथरूमला जाऊन येते' म्हणून उठली होती आणि परत आलीच नव्हती. शिवाय दारातल्या मुलाने वहीत नाव, गाव, कुलदैवत आणि मोबाईल नंबर लिहून घेतला होता, आणि मोबाईल नंबर म्हटल्यावर व्हॉट्सॅपचा डीपी आला, त्यात मुलगा परदेशातल्या बर्फात उभा. पहिल्या भेटीला फक्त नारळ घेतला त्यांनी, पैसे दुसऱ्या भेटीला, शांतीचे ११,०००.

ही जी पद्धत आहे, आधी माहिती काढून मग ती दिव्य म्हणून परत द्यायची, तिचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे पीटर पॉपॉफ. १९८० च्या दशकातला अमेरिकन धर्मोपदेशक, स्टेडियमभर लोक, आणि तो गर्दीतल्या एकेकाचं नाव, पत्ता, आजार सांगायचा. लोकांनी आत येताना प्रार्थनेसाठी कार्डं भरून दिलेली असायची. रँडीच्या टीमने रेडिओ स्कॅनर घेऊन कार्यक्रमात जाऊन बघितलं तर ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफची बायको एलिझाबेथ बाहेरून सगळं वाचून दाखवत होती आणि त्याच्या कानात छोटा रिसीव्हर होता. १९८६ मध्ये कार्सनच्या शोमध्ये ते रेकॉर्डिंग सगळ्या देशाला ऐकवलं. पुढच्या वर्षी पॉपॉफने दिवाळखोरी जाहीर केली, आणि मग काही वर्षांनी तो परत आला आणि परत लोक जमले. हे वाचून मला फार वाईट वाटतं, कारण पुरावा समोर ठेवल्यावर काम संपतं असं आपल्याला वाटत असतं आणि ते तसं संपत नाही.

आधी माहिती मिळाली नाही तर दुसरी पद्धत, बोलता बोलता समोरच्याकडूनच काढायची, तिला कोल्ड रीडिंग म्हणतात. वय, हातातल्या बांगड्या, मंगळसूत्र आहे की नाही, बोलायची ढब, यावरून अंदाज, मग एक मोघम वाक्य, मग चेहरा बघायचा. 'घरात र अक्षरावरून कुणीतरी आहे... किंवा होतं...' आता मराठी घरात र वरून कुणी नाही असं घर दाखवा, रमेश, राजश्री, रोहन, राधाक्का, कुणीतरी निघतंच, आणि 'होतं' म्हटल्यावर गेलेली माणसं पण धरली. नाडीपट्टी, म्हणजे तुमचं भविष्य आधीच लिहून ठेवलेलं ताडपत्र, वाचणाऱ्यांकडे पण अंगठ्याचा ठसा घेतात आणि मग तुमची पट्टी शोधायला म्हणून एकामागून एक प्रश्न विचारतात, वडील हयात आहेत का, भावंडं दोन का, तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणायचं. चुकलं तर 'ही तुमची पट्टी नव्हे' म्हणून पुढची. म्हणजे चूक झाली तरी ती चूक मोजलीच जात नाही, आणि शेवटी जी पट्टी सापडते तिच्यात तुम्ही तासाभरात स्वतःच सांगितलेलं सगळं असतं.

आणि मोघम वाक्यं किती चालतात याचा एक छान प्रयोग आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या शिक्षकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून वर्णन दिलं, आणि हे किती बरोबर आहे त्याला ५ पैकी गुण द्या म्हणाला. सरासरी ४.२६ आली. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं, तेही बरंचसं स्टॉलवर मिळणाऱ्या राशीभविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. तुम्ही वरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता, अशी वाक्यं. कुणाला लागू होणार नाहीत?

म्हणून मला कोलंबो आवडतो. तो ब्लेकशी शक्ती आहे की नाही यावर वाद घालतच नाही. तो बारीकसारीक वस्तूंबद्दल विचारत राहतो, जादूच्या सामानाच्या दुकानाची पायरी चढतो, एका जादूवेड्या पोराकडून शिकून घेतो, आणि ब्लेकची तीच चाचणी स्वतः करून दाखवतो. पोलीस लेफ्टनंट, काही शक्ती नाही, आणि तरी जमलं. भोंदूसमोर यापेक्षा मोठा पुरावा नाही, कारण तेच काम साध्या माणसाने करून दाखवलं की शक्तीची गरजच उरत नाही. शेवटी तो गिलोटिनमध्ये स्वतःची मान देतो. मानेभोवतीची फळी एका बाजूने लावली तर पातं अंगाला लागत नाही, दुसऱ्या बाजूने लावली तर मान उडते, आणि कोलंबोने कुठली बाजू कुठली याच्या खुणा आधीच उलट्या करून ठेवलेल्या असतात. ब्लेक त्याला मारायला म्हणून पातं सोडतो आणि कोलंबो शाबूत उठतो. चमच्यांच्या चिठ्ठ्या आठवल्या ना? तीच युक्ती, फक्त या वेळी पोलिसाच्या हातात.

आपल्या महाराष्ट्रात हे काम जमिनीवर करणारी माणसं आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली ती १९८९ मध्येच, हा एपिसोड आला त्याच वर्षी. अंनिसचे कार्यकर्ते शाळाशाळांत जाऊन नारळातून करणी काढणं, जिभेतून त्रिशूळ घालणं, हातावर कापूर जाळणं करून दाखवतात आणि मग कसं केलं ते मुलांना समजावून सांगतात, आणि चमत्कार सिद्ध करणाऱ्याला २१ लाखांचं आव्हान आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. हे लिहिताना आजही राग येतो.

या कायद्याबद्दल गैरसमज खूप आहेत म्हणून सांगते. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, घरातली पूजा याला तो हात लावत नाही. तो लागतो तो नरबळी, अघोरी उपचार आणि तथाकथित चमत्कार दाखवून पैसे काढणं, फसवणं, दहशत बसवणं याला, कायद्याच्या अनुसूचीत अशा १२ गोष्टी दिल्यात. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत आणि दंड ५,००० ते ५०,०००. तक्रार जवळच्या पोलीस स्टेशनला करता येते आणि पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी यासाठी असतो.

घरातलं कुणी अशा ठिकाणी जात असेल तर 'तू वेडी आहेस का' म्हणून काही होत नाही, उलट पुढच्या वेळी ती सांगत नाही आणि एकटी जाते. मावशींशी आम्ही शक्तीबद्दल बोललोच नाही, चिठ्ठ्यांचा खेळ त्यांच्यासमोर केला, मग त्यांनाच करायला लावला, भाचीला पार चकवलं त्यांनी. दुसऱ्या भेटीला गेल्या नाहीत. आणि ज्यांचे पैसे गेलेच असतील त्यांनी जीपेचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॅपवरचे मेसेज, व्हॉइस नोट, तारीखवार जपून ठेवा, काही डिलीट करू नका, लाज वाटते म्हणून तर अजिबातच नको, आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या.